सूर्य सगळ्यांचा, सवलत सातबाऱ्याची

साथींनो,

शिरपूर जैनच्या बाजारात आपण मीठ-मिरची घ्यायला जातो, बियाणं घ्यायला जातो, मालेगाव-वाशीमची गाडी धरायला जातो. आता तिथे गेलं की जिकडे तिकडे एकच पाटी दिसते, सोलरची. 'मागेल त्याला सौर कृषी पंप'. 'छतावर सोलर, वीज मोफत'. 'जमीन भाड्याने द्या, घरबसल्या उत्पन्न घ्या'. पाटीवर हसणारा शेतकरी असतो, हिरवंगार रान असतं आणि निळ्या पाट्यांची रांग असते.

आपल्या वस्त्यांतले लोक हे वाचतात, किंवा शाळेत जाणाऱ्या पोराकडून वाचून घेतात. मग आमच्याकडे येऊन विचारतात, "हे आपल्यासाठी हाय का?"

मागचे काही महिने आम्ही या प्रश्नाच्या मागे लागलो. सेवा केंद्रात बसलो, अर्ज भरून पाहिले, कायदा काढून वाचला. जे सापडलं ते या अंकात लिहितो आहोत. मजकूर लांब आहे. दोन बैठकांत वाचा, पण सगळ्यांत बसून मोठ्याने वाचा.

थोडक्यात सांगायचं तर असं. योजना खोटी नाही. पैसाही खोटा नाही. ऊन तर आपल्याकडे रगड आहे. पण या उन्हाच्या दारात सरकारने एक कागद आडवा टाकला आहे, आणि नेमका तोच कागद आपल्याकडे नाही. त्याहून वाईट म्हणजे, ज्या जमिनीचा कागद आपल्याला दिला नाही, तीच जमीन सोलरच्या नावाने दुसऱ्याला द्यायचा रस्ता मोकळा केला आहे.

आधी योजना काय आहेत ते बघू

विरोध करायचा तर आधी माहिती पाहिजे. सोलरच्या तीन वाटा आहेत.

पहिली वाट पंपाची. केंद्र सरकारने २०१९ मध्ये कुसुम योजना आणली. राज्याने २०२४ मध्ये 'मागेल त्याला सौर कृषी पंप' काढली. अडीच एकरांपर्यंत जमीन असेल तर ३ एचपी, पाच एकरांपर्यंत ५ एचपी, त्याच्या वर साडेसात एचपी. साध्या शेतकऱ्याने किमतीच्या १० टक्के भरायचे. आपण अनुसूचित जमातीचे, म्हणून आपल्याला ५ टक्के. बाकीचे सरकार घालतं. कुसुमच्या दरपत्रकात ३ एचपीचा आदिवासी हिस्सा दहा हजारांच्या आत होता. पाच वर्षं दुरुस्ती बसवणाऱ्या कंपनीच्या अंगावर, विमाही त्यातच. कोणी म्हणेल यात वाईट काय? काहीच नाही. दिवसा पाणी, लाईनची वाट नाही, बिल नाही.

दुसरी वाट घराच्या छताची. 'पीएम सूर्यघर मोफत बिजली' ही योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. देशात १ कोटी घरं, ७५ हजार कोटी रुपयांचा खर्च. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे एका घराला जास्तीत जास्त ७८ हजार रुपये अनुदान.

तिसरी वाट जमिनीची. 'मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना'. २०१७ मध्ये सुरू झाली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. विजेच्या उपकेंद्राजवळ, पाच-दहा किलोमीटरच्या आत, मोठमोठे सोलर प्रकल्प उभे करायचे आणि त्यांची वीज दिवसा शेतीला द्यायची. खाजगी जमीन भाड्याने दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख, म्हणजे एकरी ५० हजार, वर दरवर्षी ३ टक्के वाढ. सरकारी जमीन असेल तर वर्षाला नाममात्र १ रुपया भाडं. आणि गावच्या ग्रामपंचायतीला दरवर्षी ५ लाख, तीन वर्षं, म्हणजे १५ लाख रुपये.

हे तिन्ही आकडे लक्षात ठेवा. पुढे त्यांचाच हिशेब आहे.

अर्जातला रिकामा चौकोन

आमच्यातले एक भाऊ पंपाचा अर्ज भरायला गेले. त्यांचा वनहक्काचा पट्टा आहे, नवरा-बायको दोघांच्या नावाचा, जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचा. प्लास्टिकच्या पिशवीत, घडी न घालता जपून ठेवलेला. तो त्यांनी टेबलावर ठेवला. कॉम्प्युटरवर बसलेल्या पोराने तो उलटून पालटून पाहिला आणि म्हणाला, "काका, गट नंबर सांगा."

पट्ट्यावर गट नंबर नाही. पट्ट्यावर कंपार्टमेंट नंबर आहे. पोराने पुन्हा विचारलं, "सातबारा कुठी हाय? त्याच्यावर विहिरीची नोंद पाहिजे." भाऊ म्हणाले, "सातबारा नाही, पट्टा हाय." पोरगा वाईट नव्हता. त्याने मान हलवली आणि म्हणाला, "मंग काका, इथं चौकोन रिकामा राहतो. रिकामा ठेवला तर मशीन पुढं जातच नाही."

साथींनो, आपली सगळी लढाई त्या रिकाम्या चौकोनात आहे.

बघा साखळी कशी आहे. पंप पाहिजे तर सातबाऱ्यावर पाण्याची नोंद पाहिजे. विहीर, बोअर किंवा शेततळं. नोंद पाहिजे तर विहीर पाहिजे. विहिरीचं अनुदान मागायला गेलं की पुन्हा सातबारा आणि आठ-अ. पट्ट्याच्या जमिनीत आपल्या हिमतीने विहीर खणायला घेतली की कोणी तरी येऊन विचारतं, "परवानगी कोणाची?" म्हणजे कागद नाही म्हणून विहीर नाही, विहीर नाही म्हणून नोंद नाही, नोंद नाही म्हणून पंप नाही. आणि पंप नाही म्हणून आपण पुन्हा पावसावरचं सोयाबीन आणि तूर पेरून बसतो. दिवाळी झाली की ऊसतोडीला नाहीतर वीटभट्टीवर जातो.

मग वर्षाच्या शेवटी सांगतात की आदिवासींकडून सोलरला मागणीच आली नाही. मागणी आली होती. मशीनने ती आत घेतली नाही.

जुलै २०२४ मध्ये साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज जाहीर झाली, मार्च २०२९ पर्यंत. सुमारे ४४ लाख शेतकऱ्यांना फायदा, असं सरकार सांगतं. आनंद आहे. पण ज्याच्या शेतात खांबच गेला नाही, त्याला काय मोफत? ज्याची जोडणी आहे त्याला बिल माफ. ज्याची नाही त्याला सोलर घ्या म्हणतात. आणि सोलर घ्यायला गेलं की सातबारा आणा म्हणतात. आपण दोन्ही दारांच्या मधोमध उभे.

कायदा काय म्हणतो ते नीट ऐका

आता कोणी म्हणेल, कायद्यात नाही तर सरकार काय करणार? कायद्यात आहे. म्हणूनच आम्हाला राग येतो.

वनहक्क कायदा २००६ चा. २००८ पासून लागू. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जो आदिवासी वनजमीन कसतो, त्याचा हक्क मान्य करायचा, चार हेक्टरच्या मर्यादेत. हा हक्क वारसाने पुढे जातो. विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. वाशीम जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही, इथे पेसा कायदा नाही, म्हणून काही साहेब सांगतात की तुमच्या ग्रामसभेला अधिकारच नाही. हे खोटं आहे. वनहक्क कायद्याला पेसा लागत नाही. तो सगळ्या जिल्ह्यांना आहे आणि त्यात दावा तपासण्याची सुरुवात ग्रामसभेपासून होते.

त्या कायद्याचे नियम २०१२ मध्ये सुधारले. त्यातल्या दोन गोष्टी पाठ करून ठेवा.

एक, नियम १२-अ. त्यात लिहिलं आहे की हक्क मान्य झाला की महसूल आणि वन खात्याने नकाशा करायचा आणि त्या हक्काची नोंद आपल्या दप्तरात घ्यायची. किती दिवसांत? राज्याच्या कायद्यातली मुदत किंवा तीन महिने, यात जे आधी येईल ते. तीन महिने! आमच्यात असे लोक आहेत ज्यांचा पट्टा मिळाल्यावर जन्मलेलं पोरगं आता शाळेत जातं, आणि नोंद अजून झालेली नाही.

दोन, नियम १६. त्यात लिहिलं आहे की ज्यांचे हक्क मान्य झाले त्यांच्यापर्यंत जमीन सुधारणेच्या, उत्पादन वाढवण्याच्या, मूलभूत सोयींच्या आणि रोजगाराच्या सगळ्या सरकारी योजना पोचवायची जबाबदारी राज्य सरकारची आहे. सगळ्या योजना, असं लिहिलं आहे. सोलर पंप सोडून, असं लिहिलेलं नाही.

तिसरी गोष्ट कायद्याच्या कलम ३(२) मधली. गावाच्या सोयीसाठी, ग्रामसभेच्या शिफारशीने, एक हेक्टरच्या आत वनजमीन वापरता येते, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडावी लागत नसतील तर. कशाकशासाठी? शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, विजेची लाईन, तळं, पिण्याचं पाणी, रस्ता. अशा तेरा गोष्टींची यादी आहे. त्या यादीत 'अपारंपरिक ऊर्जा' हा शब्द स्वच्छ लिहिला आहे. म्हणजे सोलर! २००६ मध्येच संसदेने लिहून ठेवलं की जंगलातल्या गावाला सूर्याची वीज घेता येईल, आणि ठरवणार ग्रामसभा. आपल्याला हे कोणी सांगितलं? आम्हीसुद्धा आत्ता वाचलं.

तेव्हा बेकायदेशीर कोण? पट्टा घेऊन टेबलापुढे उभा असलेला माणूस, की तीन महिन्यांची नोंद इतकी वर्षं न करणारं दप्तर?

छताची सवलत आणि कुडाचं घर

आता छतावरच्या सोलरकडे या. ही सवलत कोणाला मिळते ते बघा. आपल्या नावाचं घर पाहिजे. पाट्या पेलणारं छप्पर पाहिजे. वीज कंपनीचं मीटर आणि बिल पाहिजे. आधी पाट्या बसवायच्या, मग अनुदान बँकेत येणार. म्हणजे पहिल्यांदा पैसा आपला, नाहीतर बँकेचं कर्ज.

आणि सवलतीची चढण बघा. ज्याचं घर मोठं, ज्याच्याकडे फ्रीज, कुलर, मोटार, ज्याला तीन किलोवॅट लागतात, त्याला ७८ हजार. एक किलोवॅटवाल्याला ३० हजार. आणि ज्याच्या कुडाच्या घरात एक बल्ब आणि मोबाईलचं चार्जिंग, त्याला शून्य. गरज जितकी कमी तितकी मदत कमी, आणि ज्याला काहीच नाही त्याला काहीच नाही. आपल्या आजीने सुद्धा पंगतीत असं वाढलं नसतं.

राज्य सरकारने २०२५ मध्ये महिन्याला १०० युनिटांच्या आत वापर असणाऱ्यांसाठी जादा मदत जाहीर केली, हेही सांगायला पाहिजे. दारिद्र्यरेषेखालच्यांना आणि अनुसूचित जातीजमातींना त्यात जास्त वाटा आहे. चांगलं पाऊल आहे. ज्यांच्या घरी मीटर आहे त्यांनी चौकशी जरूर करा. पण तिथेही पहिली अट तीच, तुम्ही वीज ग्राहक पाहिजेत. जंगलाच्या कडेच्या वस्तीत, जिथे मीटरचा अर्जच 'जागा कोणाची' म्हणून परत येतो, तिथलं घर ग्राहक कसं होणार?

मीटर नसलेल्या घराला सोलर देता येत नाही का? येतं. सरकारने ते दाखवून दिलं आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमनमध्ये लाईन न पोचलेल्या आदिम जमातींच्या घरांना स्वतंत्र सोलर बसवायला घरामागे ५० हजारांपर्यंत तरतूद आहे. शेजारच्या यवतमाळातले कोलाम भाऊ त्या यादीत आहेत. त्यांना मिळायलाच पाहिजे, आणि लवकर मिळायला पाहिजे. आमचं म्हणणं एवढंच की जे कोलामाच्या घरी करता येतं ते आंधाच्या आणि फासेपारध्याच्या घरी का करता येत नाही? अंधार जात विचारून येत नाही.

एक रुपयाची जमीन

आता सगळ्यात महत्त्वाचं. हा भाग दोनदा वाचा.

आपल्या वऱ्हाडात गावोगावी ई-क्लास जमीन आहे. गुरं तिथे चरतात. तिथेच आपल्यातल्या कित्येकांनी दगड वेचून, पांढऱ्या मातीत शेणखत घालून एक-दोन एकर वहितीत आणली. आंधांनी आणली, पारध्यांनी आणली, गावातल्या भूमिहीन दलितांनी आणली. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले, हजारो लोक जेलमध्ये गेले, ते याच पडीक सरकारी जमिनीसाठी. त्या लढ्यामुळेच पुढे २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय निघाला. १४ एप्रिल १९९० पर्यंत गायरान कसणाऱ्या अनुसूचित जातीजमातींच्या भूमिहीनांची वहिवाट नियमित करायची, असा तो निर्णय. किती जणांची झाली? आपापल्या गावात मोजा.

तेव्हापासून आपलं नाव काय? अतिक्रमणधारक. दरवर्षी पेरणीच्या तोंडावर नोटीस. "जागा सरकारची आहे, खाली करा." आपण म्हणतो भाडं घ्या, शेतसारा घ्या, दंड घ्या, पण नावावर करा. सरकार म्हणतं, कायद्यात बसत नाही.

आणि आता तीच सरकारी जमीन सोलर प्रकल्पाला वर्षाला एक रुपयात! बाजारात एक रुपयाला आता पोराच्या हातात द्यायला गोळीसुद्धा येत नाही.

म्हणजे आपण कसलं तर अतिक्रमण, कंपनीने कुंपण घातलं तर हरित ऊर्जा. आपल्या गाईने चारलं तर नुकसान, त्यांच्या पाट्या उभ्या राहिल्या तर विकास. साधारण एका मेगावॅटला चार-पाच एकर लागतात. पाच मेगावॅटचा प्रकल्प आला तर वीस-पंचवीस एकर तारेच्या आत. त्या वीस-पंचवीस एकरांत किती शेळ्या चरतात, किती बाया मोळी आणतात, किती जण मोह आणि बिब्बा वेचायला त्यातून जातात, याचा रकाना कुठल्याच अर्जात नाही.

ग्रामपंचायतीला १५ लाख मिळतात, असं सांगतात. मिळतील. पण ग्रामपंचायत म्हणजे ग्रामसभा नव्हे. ठराव बंद खोलीत होतो, पैसा मोठ्या गावात खर्च होतो, आणि जमीन जाते वस्तीतल्या माणसाची.

"पण एकरी ५० हजार मिळतात की!"

हे वाक्य आम्हाला बाहेरच्यांनी नाही, आपल्याच माणसांनी ऐकवलं. त्यांना आम्ही शिव्या देणार नाही. दोन एकर कोरडवाहू सोयाबीनमध्ये खर्च वजा जाता काय उरतं ते आम्हाला ठाऊक आहे. बियाणं, खत, फवारणी, सोंगणी, मळणी. भाव पडला की उलट देणं निघतं. अशा माणसाला कोणी म्हटलं की काही न करता वर्षाला लाख रुपये घे, तर त्याचं मन हलणारच. म्हणून रागाने नाही, हिशेबाने बोलू.

पहिला हिशेब. ते ५० हजार ज्याच्या नावाचा सातबारा आहे त्याला. वनपट्टा भाड्याने देता येत नाही. ई-क्लास कसणाऱ्याला तर एक पैसा नाही. म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांच्या वाट्याला भाडं नाही, फक्त कुंपण.

दुसरा हिशेब. शेत हे एकट्या मालकाचं पोट नसतं. त्यावर निंदणाऱ्या बायांचं पोट आहे, सोंगणीवाल्यांचं आहे, कडब्यावर गुरांचं आहे. पाट्यांना निंदण लागत नाही. एक राखणदार आणि अधूनमधून धुणारे दोन-चार जण, एवढंच काम. कर्नाटकात पावगड्याला सुमारे १३ हजार एकरांवर २,०५० मेगावॅटचा सोलर पार्क झाला. जमीनवाल्यांना एकरी २१ हजारांपासून भाडं सुरू झालं. जमीन असणारे घरी बसून खातात. पण ज्यांच्याकडे जमीन नव्हती, जे त्या रानांत मजुरीला आणि मेंढ्या घेऊन जायचे, त्यांच्या हातचं काम गेलं. भाड्याच्या करारात मजुराची सही लागत नाही.

तिसरा हिशेब. करार पंचवीस-तीस वर्षांचा. आज तुम्ही चाळीशीचे असाल तर जमीन परत येईल तेव्हा सत्तरीला टेकाल. बांध मोडलेले, खाली काँक्रीटचे खुंट. तुमच्या पोराला औत धरता येणार नाही, कारण त्याने शेत पाहिलेलंच नसेल.

चौथा हिशेब धुळे जिल्ह्यातला. शिंदखेडा तालुक्यातल्या विखरणचे वयोवृद्ध शेतकरी धर्मा पाटील. सोलर प्रकल्पासाठी जमीन गेली, हाती सुमारे चार लाख रुपये आले. शेजारच्यांना जास्त मिळाले, आपल्यालाच कमी का, हे विचारत ते कचेऱ्या झिजवत राहिले. २२ जानेवारी २०१८ ला त्यांनी मंत्रालयात विष घेतलं, २८ जानेवारीला ते गेले. ते आदिवासी नव्हते. त्यांच्याकडे सातबारा होता. कागद असलेल्या माणसाची ही गत, तर बिनकागदाच्या माणसाचं कोण ऐकणार?

आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे जाऊ नये म्हणून महसूल संहितेत कलम ३६-अ आहे. विक्री तर सोडाच, भाडेपट्ट्यालाही जिल्हाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते, आणि पाच वर्षांच्या वर असेल तर राज्य सरकारचीही मान्यता लागते. हे कलम १९७४ पासून आपल्या जमिनीवरचं कुलूप आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये महसूलमंत्र्यांनी घोषणा केली की आदिवासींना जमीन खाजगी कंपनीला थेट भाड्याने देता येईल, एकरी कमीत कमी ५० हजार. आकडा ओळखीचा वाटतो ना? सोलर वाहिनीच्या भाड्याचा तोच आकडा. आमच्या भल्यासाठी कुलूप काढतो म्हणतात. घरमालक झोपेत असताना जो कुलूप काढतो, त्याला आपल्याकडे काय म्हणतात ते सगळ्यांना माहीत आहे.

आम्ही सोलरच्या विरोधात नाही

उद्या म्हणतील, संघटनावाले विकासाला आडवे येतात. म्हणून स्वच्छ लिहितो. आम्हाला सोलर पाहिजे. सगळ्यात जास्त आम्हालाच पाहिजे.

रात्रीच्या लाईनवर हरभऱ्याला पाणी द्यायला गेलेल्या माणसाचे हाल आम्हाला माहीत आहेत. थंडी, साप, रानडुकरं, रोह्यांचा कळप. नवरा रानात आणि बाई रात्रभर जागी. दिवसा पाणी म्हणजे आरामाची गोष्ट नाही, जिवाची गोष्ट आहे. चिमणीच्या धुरात अभ्यास करणारी पोरं आमचीच आहेत. एक हंगाम गव्हाला पाणी मिळालं तर चार महिन्यांचं गाव सोडणं वाचतं, पोरांची शाळा वाचते. म्हणून तर हा कागद लिहितो आहोत.

आपल्या चुकाही बोलू. मागे काही वस्त्यांत सोलरचे दिवे लागले. बॅटरी गेली, कोणाला सांगायचं ते माहीत नव्हतं, आणि आपणही विचारलं नाही. खांब आजही उभे आहेत, वर कावळा बसतो. काहींनी पंप काढून देतो म्हणणाऱ्या दलालाच्या हातात पैसे ठेवले आणि पावती घेतली नाही. यापुढे पावती नाही तर पैसा नाही. आपला हिस्सा सरकारी संकेतस्थळावर भरायचा असतो, कोणाच्या खिशात नाही.

शिरपूरची अंतरिक्ष पार्श्वनाथाची मूर्ती जमिनीला टेकत नाही, असं भाविक मानतात. लांबलांबून लोक येतात, आपणही हात जोडतो. ती श्रद्धेची गोष्ट आहे. पण सरकारच्या योजनेने अधांतरी राहायचं काही कारण नाही. ती जमिनीला टेकली पाहिजे. आपल्या जमिनीला.

आमच्या मागण्या

१. सोलर पंपाच्या अर्जात वनहक्काचा पट्टा सातबाऱ्याच्या बरोबरीचा धरा. गट नंबरच्या जागी कंपार्टमेंट नंबर चालला पाहिजे.

२. नियम १२-अ प्रमाणे सगळ्या पट्ट्यांच्या नोंदी गावात शिबिर लावून करा. नवरा-बायको दोघांची नावं लावा.

३. पट्टाधारकाला विहीर आणि पंप एकत्र मंजूर करा. जिथे प्रत्येकाला विहीर शक्य नाही तिथे पाच-सात घरांच्या गटाला एक पंप द्या. कुसुमच्या नियमांत पाणीवापर संस्था आणि सामुदायिक सिंचन बसतं, मग ते इथे का वापरत नाही?

४. मीटर नसलेल्या वनवस्तीतल्या प्रत्येक आदिवासी घराला स्वतंत्र सोलर द्या. पहिला पैसा आमच्याकडून मागू नका.

५. जिथे वहिवाट किंवा वनहक्काचा दावा पडून आहे, तिथली एक इंचही ई-क्लास किंवा वनजमीन सोलर प्रकल्पाला देऊ नका. जिथे द्यायची तिथे वस्तीच्या ग्रामसभेचा ठराव आधी.

६. कलम ३६-अ ला हात लावू नका.

७. दुरुस्तीचा माणूस तालुक्याला बसवा. पंधरा दिवसांत दुरुस्ती नाही तर कंपनीला दंड.

गावाने काय करायचं

पहिलं, ग्रामसभा बोलवा. बाया निम्म्या पाहिजेत. कलम ३(२) खाली गावाला कुठे सोलर पाहिजे, पिण्याच्या पाण्याला, शाळेला, समाजघराला, ते ठरवून ठराव लिहा आणि सह्या-अंगठे घ्या.

दुसरं, पट्टाधारकांची यादी करा. नाव, कंपार्टमेंट नंबर, पट्ट्याची तारीख, नोंद झाली की नाही, पाण्याची सोय काय. एका वहीत, दोन प्रती.

तिसरं, सगळ्यांनी पंपाचा अर्ज करा. सेवा केंद्र घेत नसेल तर कागदावर लिहून तालुक्याला आवक-जावकमध्ये द्या आणि पोच घ्या. तोंडी नकार घेऊ नका. लेखी नकार मागा. लेखी नकार हा आपला पुरावा आहे.

चौथं, आपल्या गावच्या ई-क्लासचा कुठला गट सोलरला दिला किंवा मागितला आहे, ते माहितीच्या अधिकारात तहसीलला विचारा.

पाचवं, कोणीही कोऱ्या कागदावर किंवा न वाचलेल्या करारावर सही-अंगठा करू नका. कोणी गाडी घेऊन, मिठाई घेऊन आलं तर चहा पाजा, कागद ठेवून घ्या आणि सांगा, ग्रामसभेत वाचून मग बोलू.

सगळ्या गावांच्या याद्या आल्या की आपण मालेगावला तहसीलदारांकडे, वाशीमला जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि अकोल्याला प्रकल्प अधिकाऱ्यांकडे एकाच दिवशी निवेदन देऊ. भाकरी बांधून या.

हा अंक सायक्लोस्टाइलवर काढला आहे, हाताने चाक फिरवून. त्याला वीज लागत नाही म्हणून तो निघतो. पण आपल्या पोरांच्या अभ्यासाला वीज लागते आणि आपल्या हरभऱ्याला पाणी लागतं. ते मागायला आपण जातो आहोत. भीक मागायला नाही. कायद्यात जे लिहिलं आहे ते वसूल करायला.

वाचून झालं की अंक पुढच्या वस्तीत द्या.

जमीन आमची, ग्रामसभा आमची, उन्हावरही हक्क आमचा!

जोहार!